पत्ता ठाऊक असलेले आणि वाट चाललेले

सहा जानेवारी म्हटले की मराठी वाचकाला ‘दर्पण’ आठवते. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ते पत्र सुरू केले आणि म्हणून महाराष्ट्रात हा पत्रकार दिन. ख्रिस्ती जगात याच तारखेला एक फार प्राचीन सण असतो. २५ डिसेंबरचा नाताळ रोमकडून पूर्वेत पोचला त्याच्याही आधीपासून पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्या सहा जानेवारी पाळत होत्या. पश्चिमेकडच्या परंपरेने या दिवसाला मागी लोकांची कथा जोडली. ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडून निघालेली, यरुशलेमात विचारपूस करीत बेथलेहेमात पोचलेली आणि एका लहान मुलापुढे लोटांगण घालून सोने, ऊद आणि गंधरस वाहणारी ही माणसे. आपण त्यांना तीन राजे म्हणतो, आणि त्या दिवसाला प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण.

पनवेलच्या खांदा कॉलनीत हा सण फारसा कोणाच्या ध्यानात न येता निघून जातो. डिसेंबरमध्ये सिडकोच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत कागदी तारे लागतात आणि कोणते घर ख्रिस्ती आहे ते रस्त्यावरून कळते. कुणी केरळचे, कुणी गोव्याचे किंवा मंगळूरचे, कुणी अहमदनगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेले मराठी. नाताळची रात्र होते, शेजाऱ्यांना केक आणि करंज्या जातात, वर्षाच्या शेवटच्या रात्रीची उपासना होते, आणि सुट्टी संपली की सगळे पुन्हा खांदेश्वर स्टेशनच्या फलाटावर. तारे खाली येऊन पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जातात. भारतातल्या लॅटिन विधीच्या कॅथलिक चर्चने लोकांच्या सोयीसाठी हा सण २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी ठेवला आहे, आणि ते योग्यच केले. तारखेबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आपल्या मनाबद्दल आहे. नाताळ संपला की देवाचा शोधही संपला, असे आपण धरून चालतो.

मला तर वाटते की आपल्यासारख्यांचा खरा नाताळ हाच. २५ डिसेंबरच्या कथेत बाळाकडे धावत गेले ते जवळच्या रानातले मेंढपाळ, त्याच देशाचे, त्याच शास्त्राचे, त्याच भाषेचे. त्यांना देवदूतांनी सांगितले. आपले पूर्वज त्या रानात नव्हते. आपण ज्यांच्या मागे उभे आहोत ते लोक दुरून आले. त्यांचे शास्त्र वेगळे, देव वेगळे, बोली वेगळी, आणि त्यांना कोणी निमंत्रण धाडले नव्हते. मराठी ख्रिस्ती माणसाला आयुष्यात एकदा तरी ऐकावे लागते की हा तुमचा धर्म बाहेरचा. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडावा. तिथे ख्रिस्तापुढे गुडघे टेकणारे आहेत ते बाहेरचेच, आणि तेही पूर्वेकडचे.

पण हा अध्याय केवळ आपली बाजू मांडण्यासाठी वाचला तर तो वाया जाईल. तो आपल्याला दिलासा देतो तसा जाबही विचारतो.

आपण घरात गोठा सजवतो तेव्हा मेंढपाळांच्या शेजारी तीन राजेही पहिल्याच रात्री उभे करून टाकतो. मत्तय तसे सांगत नाही. त्याच्या कथेत गव्हाण नाही. मागी एका घरात शिरतात आणि तिथे मरियेजवळ मुलाला पाहतात. हेरोद राजाने पुढे दोन वर्षांच्या आतल्या मुलांना मारण्याचा हुकूम काढला तो मागींकडून ताऱ्याची वेळ नीट विचारून घेऊन. म्हणजे तारा दिसल्यापासून पोचेपर्यंत बराच काळ गेला असला पाहिजे. ते तिघे होते असेही मत्तय म्हणत नाही, भेटी तीन म्हणून माणसे तीन झाली. राजे म्हणत नाही. गास्पार, मेल्कियोर, बाल्थासार ही नावे तर पुढच्या शतकांत जुळली. परंपरेने त्यांना मुकुट घातले, त्याला माझी हरकत नाही, लोकांच्या प्रेमातून आलेली ती गोष्ट आहे. पण त्यांना पहिल्या रात्रीच गोठ्यात आणून बसवल्यामुळे त्यांचा प्रवासच नाहीसा झाला. घर सोडून निघणे, महिनोन्‌महिने चालणे, अनोळखी शहरात जाऊन विचारणे, हे सगळे पुसले गेले आणि हातात भेटवस्तू घेतलेल्या तीन बाहुल्या तेवढ्या उरल्या. भक्तीमधून वाट काढून टाकली की असेच होते. ज्या महाराष्ट्रात माणसे शतकानुशतके आळंदीहून आणि देहूहून पंढरीपर्यंत पायी जात आली, तिथे तरी वाटेचे मोल वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

आता यरुशलेमातला प्रसंग पाहा. संपूर्ण अध्यायात मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा ती आहे. मागी राजधानीत येऊन विचारतात की नवा जन्मलेला राजा कुठे आहे. हेरोद घाबरतो, मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावतो. त्यांना शोधाशोध करावी लागत नाही. मीखा संदेष्ट्याचे वचन त्यांना तोंडपाठ आहे. ते चटकन सांगतात की बेथलेहेमात. उत्तर अचूक आहे. यरुशलेमापासून बेथलेहेम नऊ-दहा किलोमीटर. खांदा कॉलनीतून चालायला लागून खारघरच्या पुढे जावे, साधारण तेवढेच अंतर. शेकडो मैल तुडवून आलेले परके लोक त्या उत्तराच्या आधारावर लगेच निघतात, आणि ज्यांनी उत्तर दिले त्यांच्यातला एकही जण त्यांच्याबरोबर निघाल्याचे मत्तय सांगत नाही. सगळे जागच्या जागी राहतात. त्यांच्याकडे ग्रंथ होता, ग्रंथाचा अर्थ होता, गावाचे नाव होते. अर्ध्या दिवसाची वाट तेवढी त्यांच्याच्याने चालवली नाही.

हे वाचून ख्रिस्ती माणसाने ज्यू समाजाकडे बोट दाखवावे, असे शतकानुशतके होत आले आणि त्यातून फार मोठी पापे घडली. आपल्या पनवेलमध्ये बेने इस्राएल समाजाचे बेथ एल सिनेगॉग आहे, १८४९ साली स्थापन झालेले. शनिवार पाळणारे तेली म्हणून कोकणात ओळखला गेलेला हा समाज मीखाचे पुस्तक आपल्याप्रमाणेच पवित्र मानतो. आणि त्या ग्रंथाविना मागी बेथलेहेमला पोचलेच नसते हे विसरू नये. ताऱ्याने त्यांना फक्त राजधानीपर्यंत आणले. पुढची वाट शास्त्राने सांगितली आणि मग तारा पुन्हा दिसला. त्यामुळे ज्ञान निरर्थक आणि नुसता भाव पुरेसा, असा अर्थ इथून काढता येत नाही. उलट मागींची नम्रता अशी की आकाश वाचणाऱ्या त्या पंडितांनी दुसऱ्यांच्या शास्त्रापाशी जाऊन, आम्हाला ठाऊक नाही, तुम्ही सांगा, असे म्हटले.

मुद्दा असा की आज ग्रंथ आपल्या हातात आहे. आज ते शास्त्री आपण आहोत. रविवारची शाळा आपण केली, बाप्तिस्मा आणि दृढीकरण झाले, कोणते वचन कुठे आहे ते आपल्याला सांगता येते. कोणी विचारले की ख्रिस्त कुठे भेटतो, तर आपण बिनचूक सांगू: वचनात, प्रभूभोजनात, भुकेल्यात, तुरुंगातल्या माणसात, परक्यात. सांगून झाल्यावर आपण उठतो का?

या प्रश्नाचे आपल्या भाषेतले सर्वांत प्रामाणिक उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आहे. त्यांच्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण मागींची कथा मराठी मातीत कोणी जगले असेल तर त्या रमाबाई. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत, पुराणे सांगत देशभर पायी हिंडले. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तसेच चालत राहिले आणि १८७८ साली कलकत्त्यात पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती म्हटले. म्हणजे पायाखाली वाट होती, मुखात शास्त्र होते, आणि तरी मनाची भूक तशीच होती. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचे नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाने त्यांच्या विचाराला दिशा मिळाली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

कोणीही म्हणेल की प्रवास संपला. रमाबाईंनी स्वतः तसे म्हटले नाही. पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी सांगितले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमजले: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे वाक्य लिहायला फार मोठे धैर्य लागते. जगभर त्यांचे नाव झाले होते, अमेरिकेत सभा गाजल्या होत्या, १८८९ साली शारदासदन उभे राहिले होते. धर्मांतराची मोठी किंमत त्यांनी मोजली होती आणि ज्यांनी ती मोजायला लावली ते विरोधक टपून बसले होते. अशा वेळी आपण अजून यरुशलेमातच आहोत, बेथलेहेमला पोचलो नाही, हे उघड सांगणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे. त्यांनी ते सांगितले, कारण त्यांना जिंकायचे नव्हते, भेटायचे होते.

आणि भेट झाल्यावर त्यांनी काय केले? केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे केले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकून दिलेल्या मुली गोळा करून आणल्या. मग उतारवयात ग्रीक आणि हिब्रू शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला बसल्या, साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत. मुक्तीतल्या बायांनीच त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तोपर्यंत भाषांतराचे काम त्यांनी हातावेगळे केले होते. पुष्कळांना भक्ती आणि विद्वत्ता यांत निवड करावी लागते असे वाटते. रमाबाईंनी शास्त्र्यांची विद्या मागींच्या पायांना जोडली. सर्व मनाने शोधणे म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. त्या शोधात बुद्धी होती, पाय होते, पैसा होता, संसारातली सगळी दुःखे होती, आणि आपण अजून पोचलो नाही हे कबूल करण्याची तयारीही होती.

वाँटेजच्या दिवसांतली एक बारीकशी घटना मला महत्त्वाची वाटते. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या की मला अक्षरे हवीत ती संस्कृत. तिथल्या धर्मभगिनींना यात गर्व दिसला. मला त्यात मागींची थैली दिसते. मत्तय सांगतो की त्यांनी आपापले खजिने उघडले. त्यांच्या देशात जे उत्तम होते ते त्यांनी आणले. बेथलेहेमच्या बाजारात जाऊन तिथल्या रिवाजाप्रमाणे काही विकत घेऊन वाहिले नाही. पूर्ण मनाने वाहायचे तर जे आपले आहे तेच वाहावे लागते, आणि माणसाचे सर्वांत आपले काय असते? त्याची भाषा, त्याचे गाणे, आईने म्हटलेल्या ओव्या.

हे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाला कळले होते. १५७९ साली तो गोव्यात आला आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना म्हणायला, ऐकायला काहीतरी हवे होते, ती गरज त्याने ओळखली. तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी तेच उलट्या दिशेने केले. १८९३ साली आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि तरी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असेच ते सांगत राहिले. अभंगाची थैली त्यांनी सीमेवर टाकून दिली नाही, ती ख्रिस्ताच्या पायाशी नेऊन उघडली. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून सातारला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही यावेत अशी त्यांची इच्छा होती. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईने नवऱ्याच्या धर्मांतराने आधी अश्रूंचे पाट वाहवले, तिनेच पुढे ख्रिस्ताची कथा ओवीत पूर्ण केली.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्टीफन्सने ज्या गोव्यात ओव्या लिहिल्या त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते, आणि १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ख्रिस्ताच्या नावाने कोणाची थैली हिसकावून घेणे ही उपासना नाही. मागींना कोणी सैनिक पाठवून बेथलेहेमला आणले नव्हते. त्या अध्यायात सैनिक आहेत, पण ते हेरोदाचे आहेत. आमच्या इतिहासातली ही काळी पाने ख्रिस्ती लेखकानेच आधी उघडावीत असे माझे मत आहे, कारण प्रकटीकरणाचा सण आणि सक्ती यांचे कधीच जमत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. सर्वस्व देणारी भक्ती असे म्हटले की आजच्या शहाण्या माणसाला भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. सर्व मनाने मानणारी माणसे दुसऱ्यांची घरे जाळताना आपण पाहतो. थोडे अंतर ठेवून, बेताने देव मानलेला बरा, असे सुशिक्षित लोक म्हणतात. पण मत्तयाने हेरोदाचे जे चित्र काढले आहे ते नीट पाहा. हेरोदही उपासनेची भाषा बोलतो. मुलगा सापडला की मला कळवा, मीही येऊन त्याला नमन करीन, असे सांगतो. त्याने यरुशलेमातले मंदिर नव्याने भव्य बांधायला काढले होते, कैसरियाला बंदर उभारले होते. धर्माचे ऐश्वर्य त्याच्याइतके क्वचितच कोणी वाढवले असेल. त्याच्यात उणीव होती ती एकच: गुडघे टेकायची तयारी नव्हती. जिथे देवाच्या नावाने स्वतःची गादी राखायची असते तिथे तलवार निघते. मागींनी आधी गुडघे टेकले, म्हणून त्यांच्या हातून कोणाला इजा झाली नाही. परत जाताना ते हेरोदाला चुकवून दुसऱ्या वाटेने गेले. संपूर्ण शरणागतीने त्यांना राजाचे अंकित केले नाही, उलट राजाच्या शब्दाबाहेर जाण्याचे बळ दिले. म्हणून धर्मांधतेवर कोमट भक्ती हा उपाय आहे असे मला वाटत नाही. जो खरोखर वाकला आहे तो दुसऱ्याला वाकवायला जात नाही, हे रमाबाईंच्या आणि टिळकांच्या आयुष्यातूनही दिसते.

दुसरा आक्षेप साधा आहे आणि तो मला रोज ऐकू येतो. वेळ कुठे आहे? हार्बर लाइनवर जाऊन-येऊन तीन तास जातात, मुलांचे क्लास असतात, घराचे हप्ते असतात. हे खरे आहे आणि यावर उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण मागींची कथा संन्याशांची नाही हे लक्षात घ्यावे. ते गेले, नमन केले आणि आपल्या देशी, आपल्या कामाला परत गेले. ऊद आणि सोने या बाजारातल्याच वस्तू होत्या. त्याच शतकात अरबस्तानातून ऊद घेऊन निघालेली जहाजे भारताच्या पश्चिम बंदरांना लागत होती, आणि आपल्या रायगडमधले चौल तेव्हाच्या ग्रीक प्रवासवर्णनात बंदर म्हणून नोंदलेले आहे. व्यवहाराच्या जगातलेच काहीतरी उचलून त्यांनी ते उपासनेत नेले. प्रश्न किती तास दिले हा नाही. जो तास दिला त्यात आपण संपूर्ण होतो का, की अर्धे मन मोबाइलमध्ये आणि अर्धे पार्किंगमध्ये, हा आहे.

आणि दान? सोने जड असते. हातातून सुटताना कळले पाहिजे इतके जड. दानपेटीत जे नाणे टाकल्याचे संध्याकाळी आठवतही नाही, ते चांगलेच, पण त्याला मागींचे सोने म्हणता येणार नाही. त्या मुलाचे आईबाप लगेचच निर्वासित होऊन मिसरला पळाले. मागींच्या त्या भेटी तेव्हा वाटखर्चाला कामी आल्या असतील असा विचार पुष्कळांनी मांडला आहे. देवाला वाहिलेले परागंदा कुटुंबाच्या पोटात गेले, याहून चांगला विनियोग कोणता?

आता पुन्हा खांदा कॉलनीकडे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. एकीकडे परक्यांना एकत्र राहायला लावणारे नवे शहर, दुसरीकडे वेगळ्या परंपरांना एकत्र उपासनेला आणणारे चर्च. पन्नासहून अधिक वर्षांनी हिशेब मांडला तर शहराने आपले काम केले आहे. एका जिन्यावर मल्याळी, तमिळ, कोकणी, मराठी दारे समोरासमोर आहेत. उपासनेच्या बाबतीत मात्र आपण एकमेकांना ओळखत नाही. पनवेलचे लॅटिन कॅथलिक मुंबईच्या महाधर्मप्रांतात, सिरो-मलबार कॅथलिक १९८८ साली धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या आणि आता महाधर्मप्रांत असलेल्या कल्याणात, सुरियानी परंपरेची माणसे सहा जानेवारीला ‘दनहा’ म्हणून येशूच्या बाप्तिस्म्याचे स्मरण करतात, मराठी मंडळ्या आपल्या जागी, हॉलमध्ये भरणाऱ्या लहान मंडळ्या आपल्या जागी. प्रत्येकाची भाषा जपली जाते ही चांगली गोष्ट आहे, वर मी थैलीबद्दल बोललो ते याच कारणासाठी. पण थैल्या शेवटी एकाच घरात उघडायच्या असतात.

गोव्यात हे लोकांनी फार सुंदर रीतीने जपले आहे. रेईश मागुशला आणि चांदोरला सहा जानेवारीचे फेस्त असते, पण मला कांसावलीचे अधिक भावते. कांसावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतून एकेक मुलगा राजाच्या वेषात, घोड्यावर बसून निघतो. तिघांच्या वाटा वेगळ्या. तिघे टेकडीवरच्या रेमेदियस मातेच्या एकाच कपेलात भेटतात. कोणत्याही गावाला आपली वाट सोडावी लागत नाही आणि कोणतेही गाव आपल्या वाटेवरच थांबत नाही.

खांदा कॉलनीच्या ख्रिस्ती कुटुंबांना माझे सांगणे एवढेच. यंदा गॅलरीतला तारा एक जानेवारीला उतरवू नका, सहा तारखेपर्यंत राहू द्या. शेजारच्या विमानतळाच्या आणि महामार्गाच्या उजेडात आकाशातले तारे तसेही कमी दिसतात. त्या संध्याकाळी घरात मत्तयाचा दुसरा अध्याय आपल्या भाषेत मोठ्याने वाचा, मुलांना वाचायला लावा, आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून बसून राहू नका. आपल्याच इमारतीतल्या, दुसऱ्या भाषेत प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती घराची बेल वाजवा. त्यांना आपल्याकडे बोलवा, किंवा त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या भाषेतले गीत ऐका. पाळकांनी आणि फादरांनी मनावर घेतले तर त्या आठवड्यात एक संध्याकाळ सर्व मंडळ्यांची एकत्र उपासना होऊ शकते, आणि त्या दिवशीचे दान आपल्या कोणत्याही मंडळीकडे न ठेवता पनवेलमध्ये आसरा शोधणाऱ्या एखाद्या कुटुंबाला द्यावे. पत्ता आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. या वर्षी निघा.